ठेका नाचाचा असू द्या, पण ‘खाली’ ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी पहाट जवळ आली की तुमच्या पेपरात ठाण्यातून पत्रं येतातच, कोणी तलावपाळीच्या स्पीकरबद्दल लिहितं, कोणी राम मारुती रोडच्या गर्दीबद्दल, आणि ती मी सगळी वाचतो, बऱ्याच जणांचं पटतंही. पण मला आवाज किती मोठा यावर नाही लिहायचंय. त्या आवाजात वाजतंय काय, म्हणजे जुन्या बंदिशींखाली (रागातल्या बांधलेल्या गाण्यांखाली) जो डान्सचा बीट टाकतात, त्यावर लिहायचंय, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि माझ्या मनात ते गेली दोन-तीन वर्षं साचलंय.

मी नौपाड्यात राहतो. वागळे इस्टेटमध्ये नोकरी केली, आता रिटायर आहे, आणि चाळीसेक वर्षं तबला वाजवतोय. मोठ्या मैफलींचा कलाकार नाही मी, पण भजनाला, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना, गाणं शिकणाऱ्या मुलामुलींच्या परीक्षांना साथ करत आलोय, आणि घरी संध्याकाळी सात-आठ मुलं शिकायला येतात. त्यामुळे जे लिहितोय ते डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या त्या घुमणाऱ्या डाव्या वाद्यावर, हात ठेवून बसलेल्या माणसाचं आहे, एवढं लक्षात घेऊन वाचा.

तर झालं असं की मागच्या दिवाळीत आमच्या जवळच्याच एका सोसायटीत पहाटेचा कार्यक्रम ठरला आणि कमिटीने एका फ्युजन ग्रुपला बोलावलं. जुन्या बंदिशी घ्यायच्या, त्याखाली डान्सचा बीट टाकायचा, आणि कोरसला सोसायटीतल्याच मुली उभ्या करायच्या असा प्लॅन. माझ्याकडे ठेक्याबरोबर रियाजाला येणारी एक मुलगी त्यात होती, तेरा वर्षांची, गळा गोड आणि मेहनत भरपूर. तिला जी बंदिश दिली ती मुळात रूपक तालातली, म्हणजे सात मात्रांची, सात ठोक्यांची, आणि तिच्या बाईंनी तिला ती दोन महिने घासून घेतलेली होती. ग्रुपने ती आठ मात्रांची केली. कशी केली, तर दर आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, शेवटी एक अक्षर एक मात्रा जास्त लांबवायचं, बस्स. मी रिहर्सलला गेलो होतो तेव्हा लॅपटॉपवाल्या मुलाला विचारलं की बाबा सातच ठेवलं तर काय होईल, तो अगदी आदराने म्हणाला की काका, सातवर पब्लिकचे पाय पडत नाहीत. मुलगा चांगला होता, राग येण्यासारखं काही बोलला नाही.

कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, व्हिडिओ सगळ्यांच्या स्टेटसला लागले. आणि डिसेंबरात त्या मुलीची प्रवेशिका पूर्णची परीक्षा होती. गांधर्व महाविद्यालयाच्या या गाण्याच्या परीक्षेत ताल हाताने टाळी-खाली दाखवून (भरलेल्या जागी टाळी, मोकळ्या जागी, म्हणजे खालीला, नुसता हात बाजूला) म्हणावा लागतो, दुगुन, म्हणजे दुप्पट लय, करून दाखवावी लागते. ती माझ्यासमोर बसून रूपक म्हणायची आणि सातव्या मात्रेनंतर तिचा हात थांबायचा. एक मात्रा थांबायचा आणि मग समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचा. दहा वेळा केलं तर आठ वेळा तसंच. सहा आठवडे रोज त्या ट्रॅकवर गायल्यामुळे तिच्या अंगातच आठ बसले होते, आणि चूक कुठे होतेय तेच तिला कळत नव्हतं कारण तिच्या कानाला ते बरोबर वाटत होतं. एके दिवशी ती रडायलाच लागली. त्या दिवशी मी ठरवलं की हे पत्र लिहायचं, मग लिहायला वर्ष लागलं ते सोडा.

आता रूपकची गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिं तिं ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. बाकीच्या बहुतेक तालांत सम भरलेली असते, दणकून येते, रूपकमध्ये समेवरच खाली आहे. म्हणजे आवर्तन सुरू होताना डग्गा गप्प असतो आणि चौथ्या मात्रेला पहिल्यांदा घुमतो. जिथून सुरुवात करायची तीच जागा मोकळी ठेवलेली, म्हणून रूपकमधली बंदिश जरा तरंगत आल्यासारखी वाटते. त्या ट्रॅकमध्ये नेमकं त्या पहिल्या मात्रेवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, होतं, छातीत धप्प बसेल असं. एक मात्रा वाढली हे तर झालंच, पण जिथे शांतता होती तिथेच सगळ्यात जोराचा ठोका आला, म्हणजे ताल उलटाच झाला.

आणि हे फक्त रूपकचं नाही. तीनताल घ्या, सोळा मात्रा, चाराने सरळ भाग जातो म्हणून डान्स बीटवाल्यांना तो सोयीचा वाटतो आणि कागदावर बसतोही. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. हाताने दाखवताना नवव्या मात्रेवर खाली, आणि दहा ते तेरा, तिं तिं ता ता, या चार मात्रा डग्गा बोलत नाही. चाट आणि सूर, म्हणजे उजव्या तबल्याचे बोल, वाजत राहतात पण डग्ग्याचा खर्ज, तो जाड घुमणारा आवाज, काढून घेतलेला असतो. चौदाव्या मात्रेला धिं आला, डग्गा परत घुमला, की गाणाऱ्याला डोळे मिटून कळतं की सम तीन मात्रांवर आली, आणि ऐकणाऱ्यालाही कळतं, त्याला तीनताल म्हणजे काय हे माहीत नसलं तरी त्याची मान त्या समेवर बरोबर हलते. हे सगळं चार मात्रांच्या गप्प बसण्यावर उभं आहे. संगीतशास्त्राचे पंडित भातखंडे यांनी बंदिशी लिहून काढताना समेला फुली आणि खालीला शून्य अशी खूण वापरली, ती आजही प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असते. आता डान्स बीट म्हणजे काय, तर प्रत्येक मात्रेला एक किक, चारही ठोके सारखेच, मिनिटाला साधारण 120 ते 130. म्हणजे जिथे खर्ज नसणं हीच खूण होती तिथेही खर्ज भरला. सोळाच्या सोळा मात्रा भरल्या. मग सम कुठे आहे हे कळायचं कशावरून? म्हणून मग ते लोक समेवर एक झांजेचा आवाज टाकतात नाहीतर खूप सारे हात एकदम टाळी वाजवल्यासारखा आवाज टाकतात, कारण त्यांनाही आतून जाणवतं की काहीतरी हरवलंय.

केरव्यातसुद्धा हे आहे, बरं का. धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा, पाचवीला खाली. आपल्या भजनांना, जुन्या सिनेमाच्या गाण्यांना लोक शंभर वर्षं नाचतायत, ताल धरतायत, तिथे खाली होतीच की. खाली असली की पाय पडत नाहीत हे मला नाही पटत.

एक गोष्ट मला त्या लॅपटॉपवाल्या मुलाकडूनच समजली आणि तेव्हापासून माझा राग बराच उतरला. डान्सच्या गाण्यात ते ज्याला ड्रॉप म्हणतात ना, त्यात काय करतात, तर मध्येच खर्ज पूर्ण काढून घेतात, वरचे आवाज तेवढे चालू ठेवतात, लोक हात वर करून वाट बघतात, आणि मग किक परत येतं तेव्हा सगळी गर्दी एकदम उसळते. मी त्याला म्हटलं अरे हीच तर खाली आहे! डग्गा काढला, वाट बघायला लावली, परत आणला, सम. फरक इतकाच की तुम्ही तीन-चार मिनिटांच्या गाण्यात एकदा-दोनदा करता आणि आपल्याकडे तीनताल दर आवर्तनाला करतो. तो दोन मिनिटं गप्पच बसला, मग म्हणाला काका हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. खरंय त्याचं. सांगितलं नाही. आम्ही जाणकार म्हणवणारे लोक एक तर नाकं मुरडत बसतो नाहीतर कार्यक्रमाला जातच नाही, त्यामुळे तंबोरा एका खोलीत आणि लॅपटॉप दुसऱ्या खोलीत अशी आपली अवस्था झालीय.

मी बदलाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये म्हणून मुद्दाम लिहितो. मराठी माणसाने तर या बाबतीत कोणाला नावं ठेवूच नयेत. आपलं नाट्यसंगीत म्हणजे दुसरं काय आहे? 1911 च्या मानापमानला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या चाली आणल्या, 1916 च्या स्वयंवरला भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवर पदं बांधली, खाली मराठी शब्द, साथीला ऑर्गन, आणि तीन तास गाणाऱ्या बुवाचं गाणं पाच-दहा मिनिटांत नाटकाच्या पब्लिकसमोर. तेव्हाच्या कर्मठांना तेही आवडलं नसणार. पण हे करणारे कोण होते ते बघा. भास्करबुवा ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांच्या उस्तादांकडे शिकलेले, बंदिशीतलं काय काढलं तर ती कोसळते आणि काय काढलं तरी चालतं हे त्यांना माहीत होतं. आपल्या ठाण्यातलेच पं. राम मराठे ख्यालही तितकाच गायचे आणि नाट्यपदही, महापालिका त्यांच्या नावाने महोत्सव करते, त्यांच्या नाट्यपदात राग कुठे पातळ झालाय असं कोणी म्हणून दाखवावं.

पेटीचं घ्या. 1940 पासून तीस वर्षं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, कारण तिच्या पट्ट्यांमध्ये मींड (एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधल्या बारीक जागा) नाहीत, दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हलता, गंधार तिच्यावर निघतच नाही. आक्षेप खोटा नव्हता. पण आज पेटीशिवाय माझ्याकडचा एक रियाज होत नाही, मी स्वतः मुलांना लेहरा, म्हणजे तबल्याबरोबर फिरत राहणारी सुरावट, पेटीवरच धरतो. म्हणजे बाहेरचं वाद्य आपलं होऊ शकतं, पण ते वाजवणारे त्या आक्षेपाला उत्तर शोधत राहिले, पट्टी दाबून मोकळे झाले नाहीत, म्हणून झालं.

आणि मशीनवर रागाचं काही होऊच शकत नाही असंही नाही. आपल्या मुंबईतच 1982 मध्ये चरणजित सिंग नावाच्या माणसाने, ते हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, दहा राग डिस्को बीटवर वाजवून रेकॉर्ड काढली. भूपाळी, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस, कलावती असे राग, आणि सगळं रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर, एक ताल देणारं, एक खर्ज देणारं, एक कीबोर्ड. तेव्हा ती खपली नाही. वीस वर्षांनी परदेशातल्या लोकांना ती सापडली आणि ते चकित झाले, कारण त्यांच्याकडे ज्या प्रकारचं डान्स म्युझिक नंतर गाजलं त्याच्यासारखं हे वाजतं आणि त्याच्या आधीचं आहे. मी ती तबलजीच्या कानाने ऐकली. खाली त्यातही नाही, प्रत्येक मात्रेला ठोका आहे, ते मला खटकलंच. पण मालकंस मालकंसासारखा चालतो, स्वर एकातून दुसऱ्यात घसरत जातात, त्या खर्जाच्या यंत्रात स्वर घसरवायची सोय होती ती त्या माणसाने मींडेसारखी वापरलीय. आणि नाव सरळ, दहा राग डिस्को बीटवर. ऐकणाऱ्याला फसवलं नाही, प्रत्येक रागाचं नाव दिलं. 2015 मध्ये ते गेले, आणि ठाण्यात किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल ही शंकाच आहे.

पाश्चात्त्य संगीताच्या लोकांनी हे आपल्या आधी भोगलंय. 1976 मध्ये अमेरिकेत बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचं डिस्को झालं आणि ते तिकडच्या यादीत एक नंबरला गेलं. त्या सिम्फनीचं सुरुवातीचं ता-ता-ता-ताSS सगळ्यांना माहीत असतं, ज्यांनी बाकी काही ऐकलं नाही त्यांनाही. पण बेथोव्हेनने त्या शेवटच्या लांब स्वरावर इथे थांबा अशी खूण लिहून ठेवलीय, किती थांबायचं ते वाद्यवृंद चालवणाऱ्याने ठरवायचं, आणि पहिल्या ता च्या आधीसुद्धा एक छोटी विश्रांती लिहिलेली आहे. प्रत्येक जण ती वेगळी करतो आणि तिथेच अंगावर काटा येतो. ठेका एकदा लागला की असं हवं तितकं थांबता येत नाही. म्हणजे तिकडेही जे जातं ते हेच, मोकळी जागा. स्वर राहतात सगळे.

लयीचंही तसंच आहे. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं, मग लय हळूहळू वाढत द्रुतपर्यंत, म्हणजे जलद लयीपर्यंत, येते, ती किती वाढवायची हे गाणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे बघून ठरवतात. हल्ली स्टेजवर गाणाऱ्याच्या कानात क्लिक असतो, टक टक टक, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. गाणारा रंगात आला आणि त्याला एक पाऊल पुढे जावंसं वाटलं तरी जाता येत नाही, ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. त्यात स्वर सरळ करणारं सॉफ्टवेअर लावलं तर मींड म्हणजे चूक समजून ते पुसून टाकतं. मी एका मुलाच्या गाण्यात हे प्रत्यक्ष ऐकलंय, त्याने तोडीचा गंधार किती सुंदर हलवला होता आणि स्पीकरमधून आला तो अगदी ताठ.

आणखी एक बोलायचंय, ते पैशांचं आहे आणि बोलायला संकोच वाटतो पण बोलतो. पूर्वी अशा एका पहाटेला तबला, पेटी, पखवाज, टाळ, कधी व्हायोलिन, अशी चार-पाच घरं चालायची. आता एक इलेक्ट्रॉनिक पॅड आणि एक लॅपटॉप. माझं सोडा, मला पेन्शन आहे. पण माझ्याकडे शिकणारा एक कॉलेजचा मुलगा, कळव्याहून येतो, तबल्याच्या एकेका कायद्यावर, म्हणजे बोलांच्या रचनेवर, तासन् तास बसणारा, त्याने मला विचारलं की काका, तबला सोडून पॅड घेऊ का, कामं त्यालाच आहेत. मी त्याला काय सांगू? पॅड शीक, पण तबला सोडू नको असं सांगितलं, आणि रात्री झोप लागली नाही. पॅडवर आवाज रेकॉर्ड केलेला असतो, पण कोणत्या मात्रेला काय वाजवायचं नाही हे त्याच्या बोटांनी तबल्यावरच शिकलंय.

म्हणून माझी ठाण्यातल्या सगळ्या मंडळांना, सोसायट्यांना आणि जे ग्रुप बोलावले जातात त्यांना तुमच्या पेपरमार्फत हात जोडून विनंती आहे. डान्स बीट लावा, पोरं नाचू देत, पहाटे पाचला उठून पोरं यमन ऐकायला रस्त्यावर येतायत ही मला आनंदाचीच गोष्ट वाटते. पण सातची बंदिश सातमध्येच ठेवा, दहाची झपतालातली दहातच, आणि नाचायला आठच पाहिजेत तर तीनतालातल्या नाहीतर केरव्यातल्या रचना घ्या ना, त्या काय कमी आहेत? स्टेजवर एक तरी तबलजी बसवा आणि ट्रॅक बनवताना त्याला बोलवा, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नको. राग कोणता, ताल कोणता, बंदिश कोणाची, हे माहीत असेल तेवढं माईकवरून सांगा आणि रीलच्या खाली लिहा, साथ करणाऱ्यांची नावंसुद्धा लिहा. कायद्यातही 2012 पासून कलाकाराला आपलं नाव लावलं जाण्याचा हक्क आहे, पण कायदा कशाला हवा, एवढं तर आपण जेवणाच्या कॉन्ट्रॅक्टरचंही बॅनरवर लिहितो. आणि कोरसला मुलं उभी करणार असाल तर त्यांच्या गाण्याच्या बाईंना आधी एक फोन करा, कारण कार्यक्रम दोन तासांचा असतो आणि मुलांच्या अंगात बसलेलं निघायला महिने जातात. त्या मुलीचं निघालं एकदाचं, परीक्षा पास झाली, पण आम्ही दोघांनी मिळून रोज तासभर नुसतं तिं तिं ना केलं तेव्हा.

त्या लॅपटॉपवाल्या मुलाने मला नंतर एक ट्रॅक पाठवला. तीनतालातलीच एक द्रुत बंदिश, मिनिटाला 125 चा ठेका, सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांच्या आत संपतं, आणि त्याने दहा ते तेरा या मात्रांना किक काढून टाकलंय, म्हणजे जेमतेम दोन सेकंदं. मी तो घरात मोठ्याने लावला तर माझी सात वर्षांची नात स्वयंपाकघरातून नाचत आली आणि प्रत्येक समेवर तिचा पाय बरोबर पडत होता, तिला कोणी काही शिकवलेलं नाही. या दिवाळीला कोणत्या मंडळाला असं करून बघायचं असेल तर त्यांनी नौपाड्यात कोणत्याही गाण्याच्या क्लासला विचारावं, माझ्यासारखे खूप जण आहेत, रिहर्सलला डग्गा घेऊन यायला आम्ही तयार आहोत आणि त्याचे पैसे मी तरी घेणार नाही.

आपला नम्र,
एक तबला शिकवणारा वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)